अडतीस वर्षांची धार

"ही नको. वाकतच नाही," असं म्हणून नानांनी तिसरी सुरी काउंटरवर ठेवली.

दुकानदार बाईंनी चौथी काढली. सुऱ्या-कात्र्यांचं ते चिंचोळं दुकान मासळीबाजाराला लागूनच होतं, म्हणून नाना येताना तळ्यातला एक मासा घेऊनच आले होते. सुरी घ्यायची ती माशावर चालवून, हा त्यांचा खाक्या. बाईंनीही कुरकुर न करता पाट पुढे सरकवला होता. पण पहिल्या सुरीचं पातं जाड निघालं आणि दुसरीचं इतकं लेचंपेचं, की काट्यांवरून सरकायचं सोडून काट्यांतच शिरलं. गोड्या पाण्यातला मासा म्हणजे मांस मऊ आणि काटे केसासारखे. चौथ्या सुरीपर्यंत माशाची एक बाजू पार लगदा झाली. नानांच्या कपाळावर घाम आला.

गोष्ट साध्या सुरीची नव्हती. मागच्या रविवारी लेकीसमोर त्यांनी मासा कापायला घेतला आणि त्याची अशीच दैना केली. जन्मभर छापखान्यात अक्षरांचे बारीक खिळे जुळवलेला हात, पण कण्यावरून घसरत होता. "बाबा, आता हात चालत नाहीत तुमचे. घर बंद करा आणि चला माझ्याकडे," लेक म्हणाली. नाना हट्टाला पेटले. "येत्या रविवारी ये. मासा पहिल्यासारखा कापला नाही, तर त्याच दिवशी बॅग भरतो." बोलून तर बसले. लेक प्रेमाची होती, जावई लाख माणूस. पण बायकोला जाऊन पाचच महिने झाले होते. ते घर सोडायचं म्हणजे तिला दुसऱ्यांदा पोचवून येण्यासारखं होतं.

"काका, जुनी आणलीय का? तिच्या मापाची बघते," बाई म्हणाल्या.

नानांनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली सुरी काढली. लाकडी मूठ काळी पडलेली, पातं बोटापेक्षाही अरुंद. लग्नाच्या वर्षी त्यांनी स्वतः निवडलेली सुरी. तिला घरात दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा नानांचा कायदा.

"अडतीस वर्षं झाली हिला," नाना म्हणाले. जुनी ऐट आपोआप आवाजात आली. "एकदाही दगडाला लावली नाही. जातिवंत पोलाद आहे."

हे वाक्य ते दर रविवारी जेवताना म्हणायचे. बायको त्यांच्या उजव्या हाताला बसायची. ती डावखुरी, त्यामुळे घासागणिक कोपराला कोपर लागायचं. "जरा सरक की," नाना म्हणायचे. "तुम्हीच सरका," ती म्हणायची, आणि सरकायचं कुणीच नाही. मग माशाचा तुकडा त्यांच्या ताटात वाढत म्हणायची, "सुरी भारीच आहे हो तुमची." नाना फुलून जायचे. काय सुखाचे दिवस होते ते. शनिवारी दुपारी ते आडवे व्हायचे आणि मागच्या पायरीवरून खर्र खर्र आवाज यायचा. "काय चाललंय गं?" "तवा घासतेय. झोपा तुम्ही." "दर शनिवारी घासतेस, तरी काळा तो काळाच." "लोखंड आहे ते. तुमच्यासारखंच निगरगट्ट." त्या आवाजावर त्यांना इतकी छान झोप लागायची. हल्ली शनिवारी दुपारी डोळ्याला डोळा लागत नव्हता.

"मग आता कापत का नाही ही?" बाईंनी विचारलं.

"तिचा काय दोष? हातच गेले माझे," नाना खाली बघत म्हणाले. "म्हटलं, हलकी सुरी मिळाली तर निभेल."

बाईंनी पातं उजेडाला धरलं. या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं. काउंटरखालचा दगड काढला, पाण्याचा हबका मारला आणि पातं दहा-बारा वेळा ओढलं. सुरी नानांच्या हातात देऊन म्हणाल्या, "माशाची दुसरी बाजू शिल्लक आहे अजून. कापा बघू."

नानांनी कल्ल्यामागे सुरी टेकवली. पातं कण्याला भिडलं, किंचित वाकलं आणि शेपटीपर्यंत सरसर गेलं. अख्खा तुकडा एकसंध सुटून पाटावर पडला. एक काटा नाही त्यात. नाना स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. त्यांना इतका आनंद झाला, की त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

"हात ठणठणीत आहेत तुमचे," बाई हसल्या. "पण काका, दगड दाखवला नाही असं कसं म्हणता? ही मुळात दोन बोटं रुंद होती. घासून घासून एवढी उरलीय. आठवड्याला एकदा तरी धार लागत होती हिला. चार-पाच महिन्यांत मात्र लागलेली नाही."

"छे. घरात कुणी हातच लावत नव्हतं तिला."

"लावत होतं. आणि तो माणूस डावखुरा होता. हे बघा, जुने ओरखडे सगळे उलट्या हाताचे आहेत."

नानांनी बघितलं. बारीक खिळ्यांवर पोसलेली ती नजर. ओरखडे एकेक करून दिसले. त्यांनी सुरी पुसली आणि फडक्यात गुंडाळायला घेतली, तर बोटांना गाठ मारता येईना.

"दगड देऊ का सोबत?" बाईंनी हळू आवाजात विचारलं. "आता तुम्हालाच धार लावावी लागेल."

"नको," नाना म्हणाले. "घरात असेल. तव्यामागे."

अडतीस वर्षांत तिने तो तवा एकदाही घासला नव्हता.