सातवा खेकडा

"सुटला!" ती ओरडली, आणि लांब चिमटा तिच्या हातातून निसटून टाकीच्या तळाशी गेला.

खेकडा दगडाखाली पसार झाला. कोपरापर्यंत भिजलेला उजवा हात तिने बाहेर काढला. बोटं पुन्हा ऐन वेळी ढिली पडली होती.

"जातोय कुठे? टाकीतच आहे," सासरे म्हणाले. "उचल चिमटा."

"बाबा, तुम्हीच बघा ना."

"माझा हात थरथरतो गं. एखादा दगड घसरला तर काच फुटायची."

लिफ्टदुरुस्तीच्या नोकरीतून सुटल्यावर सासऱ्यांनी बैठकीच्या खोलीत ही खाऱ्या पाण्याची टाकी उभी केली, त्याला बारा वर्षं झाली होती. त्यातली पोवळी त्यांनी नखाएवढ्या तुकड्यांपासून वाढवलेली. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी समुद्रातला एक नवा दगड आणला आणि त्याच्या भोकात लपून एक खेकडा आला. केसाळ पाय, काळ्या टोकांच्या नांग्या. आठवड्याभरात त्याने जांभळ्या पोवळ्याचे शेंडे कुरतडले आणि दोन गोगलगायी फस्त केल्या.

तेव्हा ती घरीच होती. तिचं घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद होतं. जिन्यावरून पडून मनगट मोडलं होतं. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर म्हणाले, "हाड जुळलंय. आता हात वापराल तेवढा सुटेल." तिने दुकान उघडलं. पहिल्याच घड्याळाचा केसाएवढा स्क्रू बोटांतून तीनदा पडला. तिने शटर ओढलं ते ओढलंच. व्यायामाचा रबरी चेंडू कपाटात गेला. नवऱ्याने एकदा विषय काढला, तर ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती.

पहिला खेकडा सापळ्यात सापडला. कोळंबीचा तुकडा टाकलेला काचेचा पेला सासऱ्यांनी दगडाला तिरका टेकवून ठेवला. खेकडा आत उतरला, पण गुळगुळीत काचेवरून त्याला वर चढता येईना. सासरे त्याला डब्यात घालून, दगड घेतला होता त्या माशांच्या दुकानात देऊन आले. "दुकानदार ठेवून घेतो. उगाच जीव कशाला घ्यायचा?"

दोन दिवसांनी दगडाआडून पुन्हा दोन डोळे चमकले.

"आणखी एक!" सासऱ्यांनी कपाळावर हात मारला. "पण आता पेला नको. पोवळी दबतात. चिमटाच बरा."

आणि चिमटा तिच्या हातात आला.

दुसऱ्याने तिला बारा दिवस नाचवलं. रोज संध्याकाळी टाकीचे दिवे मालवले की ती स्टुलावर बसायची, सासरे लाल उजेडाची बॅटरी धरायचे. खेकडा यायचा, कोळंबी हुंगायचा, ती चिमटा मिटायची आणि खेकडा नसायचाच. खांदा भरून यायचा, मनगट ठणकायचं.

"मुद्दाम करतोय मेला!" ती म्हणायची.

"हळू. आधी बोटं, मग मनगट," सासरे म्हणायचे.

दुसरा गेला, तिसरा आला. तिसरा गेला, चौथा आला.

"अहो, दगड आहे की खेकड्यांची चाळ?" नवरा वैतागला. "बाबा, काढून टाका तो दगड."

"त्यावर पोवळी चिकटलीत आता. काढला तर मरतील."

चौथ्याने मोठा शिंपला फोडला. सासऱ्यांनी तो सात वर्षं सांभाळला होता. ते उघड्या शिंपल्याकडे बराच वेळ बघत उभे राहिले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या संध्याकाळी कुणी न सांगता तिने स्टूल ओढलं. चिमट्याचा स्क्रू सैल वाटला, तशी तिने आपल्या बंद दुकानातून बारीक स्क्रूड्रायव्हर आणून तो तिथल्या तिथे आवळला. टोकांना रबर गुंडाळलं. चौथा दुसऱ्या दिवशी डब्यात होता.

पाचव्याला चार दिवस लागले. सहाव्याला दोन. पण जिंकल्यासारखं कधी वाटलंच नाही. डब्याचं झाकण लावून दोन दिवस होतात न होतात, तोच सासऱ्यांची हाक यायची, "सूनबाई, जरा इकडे ये बरं."

शुक्रवारी सातवा तिने पहिल्याच झेपेत धरला, मागच्या पायाला. सासरे म्हणाले, "वा." तिला मात्र रडू यायचं बाकी होतं. सात! उद्या आठवा येणार. बारा वर्षांच्या टाकीत आता जांभळ्या पोवळ्याचा नुसता बुंधा राहिला होता, आणि तो खेकडे भरलेला दगड विकणारा माणूस खुशाल गल्ल्यावर बसून होता.

शनिवारी दुपारी सासऱ्यांचा डोळा लागला, तसा तिने डबा उचलला आणि स्वतःच निघाली. काय काय सुनावायचं ते वाटेत चारदा घोळवलं.

दुकान लहान होतं, पंपांच्या आवाजाने भरलेलं. दुकानदार जाळीने मासे वेगळे करत होता. तिने डबा काउंटरवर आदळला.

"हे बघा, दोन महिने झाले. आमच्या घरात दुसरं काही बोलणंच उरलेलं नाही. माणसाने किती सहन करायचं?"

दुकानदाराने झाकण किलकिलं करून आत पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"अच्छा, आजोबांकडून आलात होय! आज ते नाही आले?" त्याने खेकडा मागच्या टाकीत सोडला, हात पुसले आणि काउंटरखालून झाकणाला भोकं पाडलेला दुसरा डबा काढून तिच्यापुढे सरकवला. आत काहीतरी खरखरलं. "हा घेऊन जा. सकाळीच फोन आला होता त्यांचा. म्हणाले, मागचा आमच्या सूनबाईने फारच पटकन पकडला, या वेळी जरा चपळ द्या."