अर्धं डोकं झोपलं तेव्हा

"ह्याच्या लहानपणची एखादी गोष्ट सांगा बाई. तीन-चार वर्षांचा असतानाची," मुंबईचे डॉक्टर म्हणाले. "आम्ही त्याला तीच विचारू."

जसोदाबाईंनी पदर तोंडाशी नेला. काही केल्या एक गोष्ट सुचेना. धानोऱ्यात दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारी बाई, आणि इथे बोलतीच बंद! शेवटी पोराचे वडील हिंमतराव पुढे झाले.

"परकाशा गावनी जत्रामा खांदावर लई गया व्हतू त्याले. एक जोडा तापीमा पडना, ते घर येवालगून बोंबलना."

डॉक्टर हसले. मग त्यांनी नवरा-बायकोला समजेल असं सांगितलं. धुडकूच्या फेफऱ्याचं मूळ मेंदूच्या डाव्या बाजूला होतं. तेवढा भाग काढला की झालं. पण वाचा आणि आठवण यांचं बिऱ्हाडही बहुधा तिथेच असतं. म्हणून आधी मानेतून औषध सोडून अर्धा मेंदू थोडा वेळ झोपवायचा आणि उरलेल्या अर्ध्याला काय काय येतं ते बघायचं.

"कापल्यावर तो मला ओळखील ना साहेब? माय म्हणेल ना?"

"ओळखेल. फेफऱ्याने झाकलेलं जुनंही उजळेल कदाचित."

"जुनं राहू द्या साहेब. आहे तेवढं पुरे."

कांदा हुंगवून झाला, वहाण हुंगवून झाली, भगत झाले. पाच वर्षं त्या पोराला मांडीवर धरून तिने रात्री काढल्या होत्या. आता हे शेवटचं दार.

औषध गेलं. धुडकूचा उजवा हात लुळा पडला. नर्स चित्रं दाखवू लागली.

"बईल. छत्री." जहाज आलं तेव्हा तो अडला. "पानीमानी आगगाडी!"

जोड्याचं विचारलं, तर लगेच म्हणाला, "तापीमा गया!"

डॉक्टरांनी जसोदाबाईंकडे बोट केलं. "ही कोण?"

पोराने बराच वेळ टक लावून पाहिलं. तिचा जीव टांगणीला लागला.

"माय," धुडकू म्हणाला.

डॉक्टरांचा चेहरा फुलला. पोराची वाचा केव्हाच उजव्या बाजूला राहायला गेली होती. डावीकडे कापायला भीती नव्हती. जसोदाबाई त्यांच्या पायाच पडायला निघाल्या. "अहो, उठा उठा," डॉक्टर म्हणाले, "अशी आई सगळ्यांना मिळो."

ऑपरेशन छान झालं. धानोऱ्यात परतल्यावर पावसाळा गेला, हिवाळा गेला, फेफरं काही फिरकलं नाही. जसोदाबाईंनी गावभर गूळ वाटला. रोज देवापुढे दिवा लावताना आधी डॉक्टरांचं नाव घ्यायची, मग देवाचं. "देव रागवाव नही, त्याले मालूम शे," असं वर म्हणायची.

एका संध्याकाळी धुडकू चुलीपाशी जेवत होता. तिने मन घट्ट केलं.

"बापू, तुले जुनं काही याद उनं का रे?"

"जुनं?" त्याने कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडला. "माले ते आखं यादच व्हतं, मावशी. मन्ही माय मरी गई, त्याच दिन माले पहिलं फेफरं उनं. डोया उघाडात, ते तू ताईसाठे रडी ऱ्हायनी व्हती. म्हनीसन तुले माय म्हनं. तुमले वाटनं, मी भुलाई गऊ."

जसोदाबाईंनी भाकर तव्यावरच सोडली आणि पदर डोळ्यांना लावला.

"आते रडू नको," धुडकू म्हणाला. "भाकर वाढ, माय."