चित्राखालचं नाव

"अगं, हे चित्र तर मलाही दिसतंय की!" दोकजानं पिलसुनचा फोन ओढून घेतला होता. "माझ्या फोनवर फुकट दिसतं. मग तू पैसे कशाचे मोजलेस?"

पिलसुननं कालवाच्या फटीत सुरी घातली आणि शिंपला उघडला. "त्याच्याखाली माझं नाव लागतं."

"आणि ते वाचतं कोण?"

"काढणारा वाचतो."

शेडमधल्या बायका खिदळल्या. तोंगयोंगच्या बंदरावर हिवाळा म्हणजे कालवं सोलायचा हंगाम. पायात रबरी बूट, डोक्याला रुमाल, बोटं गारठलेली, तोंडं मात्र चालू. पिलसुन ह्या गावात नवी. साठी उलटलेली, अबोल बाई. घरात कोण कोण असतं विचारलं, तर "मी" एवढंच सांगायची. त्यामुळे तिच्या ह्या खुळाचा बायकांना चांगलाच विरंगुळा झाला होता.

चित्रं काढणारा 'मापारम' हे नाव लावायचा. मापारम म्हणजे दक्षिणेचा वारा. खरं नाव कुठंच दिलेलं नव्हतं. छोटी, हलती चित्रं असायची. कुकरमधून भाताची वाफ निघतेय, दोरीवर शर्ट हलतोय, बसथांब्यावरचा दिवा लुकलुकतोय. माणूस कशातच नाही. प्रत्येक चित्राचं एकच डिजिटल टोकन, म्हणजे मालकीची नोंद, विकायला निघायचं आणि ते पिलसुन घ्यायची. दुसरं कुणी घ्यायला फिरकतच नव्हतं.

"ताई, ह्या वाऱ्याच्या प्रेमात पडलीस की काय?" दोकजा विचारायची.

"ह्या वयात वारा सोसतो होय?" पिलसुन म्हणायची आणि पुढचं कालव उचलायची.

घरी एकटीच जेवताना ती किमचीच्या बरणीला फोन टेकवून ठेवायची. वाफ निघत राहायची, शर्ट हलत राहायचा. घास संपेपर्यंत समोर काहीतरी हलतंय, तेवढं तिला पुरायचं.

एकदा दोकजाच्याच लक्षात आलं. "ही जुनी चित्रं बघ. रेघ कशी ठाम आहे. आणि ही नवी? थरथरत्या हातानं काढल्यासारखी. म्हातारा झाला वाटतं तुझा चित्रकार."

"सुधारतेय," पिलसुन म्हणाली. "हळूहळू सुधारतेय रेघ."

नवीन वर्षाची सुट्टी झाली आणि मापारमचा निरोप आला. तुम्हाला भेटायचंय, समोर बसून एक गोष्ट सांगायचीय, पत्ता द्याल का?

"देऊ नकोस!" दोकजा ओरडली. "एकटी बाई बघितली की असलेच येतात. गोड बोलतील आणि लुबाडून जातील."

"दिला."

"दिलास? मग मीपण येऊन बसणार. माझ्यासमोर करू दे काय करायचं ते."

रविवारी दुपारी पिलसुननं कालवं घालून भाताचं सूप शिजायला ठेवलं. खालून तापणारी जमीन ऊबदार केली, तीन बैठका मांडल्या. फडताळावरची एका तरुण मुलाची तसबीर उतरवून कपाटात ठेवली. पुन्हा बाहेर काढली. पुन्हा ठेवली. तेवढ्यात दोकजा आली आणि दाराकडे तोंड करून बसली.

आली ती एक मुलगी. तिशीची असेल. हातात नाशपातींची पेटी, नाक थंडीनं लाल.

"अगंबाई, ही तर पोरगी निघाली!" दोकजा म्हणाली.

"मी बोराम." मुलगी कमरेत वाकली. बसली, पण चमच्याला हात लावला नाही. "मावशी, जेवणाआधी सांगते. ऐकून तुम्ही हाकलून दिलंत तरी चालेल."

"सांग."

"मी मापारम नाही. मापारम माझा... आम्ही एकत्र राहत होतो. मागच्या वसंतात तो गेला. अपघात झाला." ती खाली बघत बोलत होती. "त्याची चित्रं कुणीच घेत नव्हतं, फक्त तुम्ही घ्यायचात. नवं टोकन गेलं की तो घरभर नाचायचा. कोण आहे रे हे गिऱ्हाईक, असं विचारलं की नुसता हसायचा."

पिलसुननं तिच्या वाडग्यात सूप वाढलं.

"अंत्यविधीलाही मला आत जाता आलं नाही. त्याच्या घरी माझ्याबद्दल सांगितलेलं नव्हतं. रस्त्यापलीकडे उभी राहिले आणि परत आले. खोलीत त्याचा शर्ट तसाच वाळत होता. संध्याकाळी त्याचं खातं बंद करायला बसले, तर तुमचा निरोप आलेला. 'पुढचं कधी?' एवढाच. मला बंद करवेना. मला चित्रं काढता येत नाहीत, मावशी. तो शर्टच काढला. तुम्ही घेतलात. मग मी काढतच राहिले."

"बघ!" दोकजानं मांडीवर थाप मारली. "सांगत नव्हते मी? मेलेल्या माणसाच्या नावानं माल खपवला हिनं! वर्ष होत आलं, फसवतेय तुला!"

बोरामनं मान आणखी खाली घातली. "तुमचे पैसे मी परत करीन. कुणीतरी त्याची वाट बघतंय, एवढ्याच आधारावर मी रोज उठत होते. पण तुम्हाला खोट्यात ठेवणं आता सहन होईना."

पिलसुननं जेवायच्या काठ्यांनी भांड्यातलं सगळ्यात मोठं कालव उचललं आणि मुलीच्या वाडग्यात ठेवलं. वाडगा तिच्यापुढे सरकवला.

"खा. निवतंय."

"ताई, तुला राग कसा येत नाही?" दोकजा म्हणाली.

पिलसुन मुलीकडेच बघत होती.

"'पुढचं कधी?' हे उत्तर येईल म्हणून नव्हतं गं विचारलं मी," ती म्हणाली. "त्या दिवशी लेकाला शेवटचं पोचवून नुकतीच घरी आले होते."