पंप आणि पोपटरावांचा हात

"पंप हलवायच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा," सेक्रेटरी कमळाकर नाराजीनेच म्हणाले. पंप हलला तर त्यांच्याच खिडकीखाली जाणार होता.

पोपटरावांनी डाव्या हाताने उजवं कोपर धरलं, दातओठ आवळले आणि हात एकदाचा वर पोचवला. खांदेश्वरच्या या सोसायटीचा ताबा पंच्याण्णव साली मिळाला, तेव्हापासून तो पंप रोज पहाटे साडेचारला त्यांच्या उशाशी घरघरायचा. झोपेचं खोबरं झालं होतं. असलं मत डाव्या हाताने देणं त्यांच्या मनाला पटेना.

"आठ. आता विरोधात?"

पोपटरावांचा हात वरच होता. कमळाकरांनी तोही मोजला.

"हे पण आठ. पोपटरावांनी विचार बदलला, म्हणजे बाजूने उरले सात. ठराव नामंजूर."

"ओ साहेब, मी कशाला विचार बदलतो! हात खाली येत नाय माझा!"

सगळे हसले. पोपटरावांना मात्र रडू यायचं बाकी होतं.

तिसऱ्या मजल्यावरचे हाडांचे डॉक्टर शाहिद उठले. "खरं बोलतायत ते. हात खाली असला की दुखत नाही, पार वर गेला की दुखत नाही. जाता-येता मधेच स्नायूची दोरी खांद्याच्या हाडाखाली चिमटते. व्यायाम झाला, दोन इंजेक्शनं झाली. आता दुर्बिणीतून ते हाड जरासं तासायचं, बस्स. पण चार महिने झाले, मला बघितलं की हे गच्चीवर पळतात."

कमळाकरांनी तोंड वाकडं करत खाडाखोड केली. आठ विरुद्ध सात, पंप हलणार! पोपटरावांचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी भिमाबाई उभ्या राहिल्या. "सेक्रेटरी, आणखी एक ठराव घ्या. ह्यांचं ऑपरेशन. ज्यांना मान्य हाय त्यांनी हात वर करा."

सगळ्यांनी पोपटरावांकडे पाहिलं.

"अगं, थांब!" पोपटरावांनी घाईघाईने हात खाली ओढला. वीतभर आला, सणकन कळ निघाली आणि हात आपसूक पुन्हा वर गेला.

"बाजूने एक," कमळाकर खुशीत लिहू लागले. "आणि खांदाही त्यांचाच."

"सोमवारी उपाशीपोटी या," डॉक्टर शाहिद म्हणाले.