जादाचा पट्टा

तुटलेल्या पट्ट्याचे धागे क्लचच्या दांड्याला इतके आवळून बसले होते की रिस्तनला ते पकडीने एकेक करून ओढावे लागत होते. स्नोमोबाइल नीलसची, तिच्या नवऱ्याची; पट्टा तुटला की बर्फावरची ही गाडी जागची हलत नाही. त्याला पुरून पाच दिवस झाले होते, आणि उद्या रेनडिअरचा कळप किनाऱ्याकडे हलवायचा होता. एका गाडीने कळप हलत नाही. म्हणून ती सकाळी उठली, कॉफी प्यायली आणि शेडमध्ये आली. कॉफीला चव नव्हती. अलीकडे कशालाच नसायची.

तिचे सासरे ओव्ला खोक्यावर बसले होते. त्यांच्या मांडीवर नवा पट्टा होता.

"क्लचच्या चकत्या स्पिरिटने पूस," ते म्हणाले. "तेलाचं बोट लागू देऊ नकोस. पट्टा घसरतो मग."

"माहितीये, बाबा."

तिने फडकं भिजवलं. जळक्या रबराची काळी पूड चकत्यांवर बसली होती. ती फडक्यावर येत राहिली, आणि खालून धातू हळूहळू उजळू लागला. बोटं गारठून पांढरी पडली होती, पण ते तिला दिसत होतं, जाणवत नव्हतं.

"नीलसला हे सगळं मी शिकवलं," ओव्ला म्हणाले. "दहा वर्षांचा होता. सीटखाली जादाचा पट्टा असल्याशिवाय अंगणाबाहेर जायचं नाही, हे पहिलं. त्याने कधी मोडलं नव्हतं."

रिस्तन पुसत राहिली.

"माहत्ते काय बोलला, ऐकलंस ना? आपल्यासोबत कळप राखणारा माणूस, आणि दफनानंतर सगळ्यांसमोर बोलला. जादाचा पट्टा न घेता जो माळावर जातो, तो मरणाला मागे बसवून नेतो म्हणे. खरंच बोलला. सीटखालचा कप्पा रिकामाच होता. मला मान वर करवेना." त्यांनी मांडीवरचा पट्टा उगाच उलटा केला. "असा निष्काळजी कधी झाला गं तो?"

वादळात पट्टा तुटल्यावर नीलस गाडी सोडून चालत निघाला होता. चार किलोमीटरवर गोठलेला सापडला.

"पट्टा होता, बाबा," रिस्तन म्हणाली.

"कुठे?"

"माझ्या गाडीत. तो निघायच्या आदल्या दिवशी माझा तुटला. मी त्याच्या सीटखालचा काढून बसवला. तो झोपला होता. उठल्यावर सांगू म्हटलं. मग राहून गेलं."

हवामानाच्या बातम्या सांगाव्यात तशा आवाजात ती हे बोलली. मग फडकं खाली ठेवून उभी राहिली. म्हातारा आता ओरडेल, कदाचित हात उचलेल. उचलू दे, असंही तिला वाटलं नाही. काहीच वाटलं नाही.

ओव्लांनी मान वर केली.

"म्हणजे ठेवला होता त्याने," ते म्हणाले.

"हो."

"ठेवला होता." ते गुडघ्यांवर हात टेकून उठले, नवा पट्टा तिच्या हातात दिला आणि बाहेर गेले.

अंगणात माहत्ते स्लेजवर तंबूचं सामान बांधत होता. दार उघडंच होतं.

"माझ्या पोराने जादाचा पट्टा घेतला होता," सासऱ्यांचा आवाज आला. "तू बोललास ते मागे घे."

"घेतो, ओव्ला. पण मग गेला कुठे?"

सासऱ्यांच्या पावलांखाली बर्फ करकरलं.

"सीटचं झाकण सैल होतं. पडला असेल वाटेत बर्फात. कुठे शोधणार?"

रिस्तन पट्टा हातात घेऊन तशीच दाराबाहेर आली. उन्हात बर्फ इतकं चकाकत होतं की तिला डोळे मिटून घ्यावे लागले.

"पडला नाही," ती म्हणाली. "मी काढून घेतला होता, माहत्ते. आणि त्याला सांगितलं नाही."

माहत्तेचे हात थांबले. त्याने ओव्लांकडे पाहिलं. ओव्ला स्लेजवर वाकून दोरी ओढत होते. त्यांनी गाठ मारली, पुन्हा सोडली, पुन्हा मारली.

"तुला कुणी विचारलं होतं का?" मान वर न करता ते म्हणाले. "आत जा. टोपी तरी घाल डोक्यावर."