कॅल्क्युलेटर किती खातो

रविवारी सकाळी साडेनऊ वाजता बाबांनी डायनिंग टेबलावर कॅल्क्युलेटर उपडा घातला आणि मागचं झाकण काढलं. उजव्या हातानं. अबोलीनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

सोमवारी त्यांना तळोज्याला कामावर हजर व्हायचं होतं; उजव्या अंगावर आलेल्या अर्धांगाच्या झटक्यानंतर पहिल्यांदाच. डॉक्टरांनी फिट लिहून दिलं होतं, कंपनीनं शिफ्टही लावली होती. अडून बसले होते ते फक्त बाबा स्वतः, सुधीर सावंत, इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन.

“डॉक्टरांनी हातपाय बघितले,” ते काल म्हणाले होते. “मीटर लावता येतो का, ते कुठं बघितलं? हा एवढासा कॅल्क्युलेटर किती करंट खातो ते बरोबर मोजलं, तर उद्या जाणार. नाहीतर राजीनामा.”

आता त्यांनी सेल आणि स्प्रिंगच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला. दोन्ही बाजूंना करंट मोजायच्या मीटरच्या क्लिपा लावल्या. सेलची वीज आता मीटरमधून फिरूनच आत जाणार होती. काम सुरेख झालं होतं. एक क्लिप दोनदा निसटली, पण तेवढं कुणाचंही होतं.

मग त्यांनी लाल वायर मीटरमध्ये खोचली. चुकीच्या भोकात.

मीटरला लाल वायरसाठी दोन भोकं होती. एक बारीक करंटसाठी, दुसरं दहा अँपिअरचं. बाबांनी दहाचं घेतलं होतं. ट्रकच्या वजनकाट्यावर लवंग ठेवल्यासारखं.

“दाब,” ते म्हणाले. तिनं कॅल्क्युलेटर चालू केला, पडदाभर आठाचे आकडे दाबले. मीटरवर शून्य.

आई स्वयंपाकघराच्या दारात आली. “अहो, चहाचं गार पाणी झालं. किती वेळ तो एक खेळ? तिला विचारा ना, बरोबर आहे का.”

“तिला नाही विचारायचं. एक जण मोजताना दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही. नंतर त्यानं आपलं वेगळं मोजायचं. आमच्या खात्याचा नियम आहे.”

“हे घर आहे, तुमचं खातं नाही.”

“मीटर खात्यातलाच आहे, स्मिता.”

आई हसली. अबोलीला हसू आलं नाही. सातवीत असताना तिनं हीच चूक केली होती. तेव्हा बाबा समोर हाताची घडी घालून बसले होते आणि ती रडकुंडीला येईपर्यंत एक अक्षर बोलले नव्हते.

“शून्य,” बाबा म्हणाले. “काही खातच नाही.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “आता तू घे रीडिंग.”

तिनं हात मांडीवरच ठेवला. लाल वायरला हात लावला, तर त्यांना चूक कळणार, आणि मग राजीनामा. नाही लावला, तर तिलाही शून्यच म्हणावं लागणार, आणि उद्या ते खुशाल कामावर जाणार. तिथे चारशे चाळीस व्होल्टच्या पॅनेलसमोर त्यांना कुणी असं जपणार नव्हतं.

“तुमचं होऊ दे आधी, बाबा.”

“झालं की.”

“मला घाई नाही.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग कॅल्क्युलेटरकडे. पडद्यावर आठाची रांग लख्ख उभी होती.

“चालू आहे,” ते हळूच म्हणाले. “चालू आहे तर खाणारच.”

आईनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. अबोलीनं मान हलवून तिला थांबवलं.

“तू बोलू नकोस,” बाबा अबोलीला म्हणाले.

“मी कुठं बोलले?”

“श्वास रोखून बसलीयस. ऐकू येतं ते.”

त्यांनी पुन्हा चष्मा लावला. उजव्या हाताचं बोट लाल वायरच्या क्लिपवर ठेवलं आणि वायरच्या कडेकडेनं सावकाश सरकवायला सुरुवात केली. मीठदाणीला वळसा घालून ते मीटरच्या दहा अँपिअरच्या भोकापर्यंत पोहोचलं, आणि तिथे थांबलं.