मागची जागा

हाइकोने खिळ्यांच्या बुटांची लेस बांधली, सोडली आणि पुन्हा बांधली. त्याचा थोरला भाऊ टिलो हेल्मेट काखेत धरून बर्फाच्या ट्रॅककडे पाहत उभा होता. दोघांच्या बॉबस्लेडमध्ये, म्हणजे बर्फावरून घसरणाऱ्या गाडीत, टिलो पुढे बसून ती वळवायचा. हाइको मागून ढकलायचा, उडी मारून आत बसायचा आणि शेवटी ब्रेक ओढायचा. कित्येक हिवाळे हेच चाललं होतं.

नोव्हेंबरात गाडी उलटली आणि अर्धा ट्रॅक ते डोक्यावर घसरत गेले. तेव्हापासून हाइकोला उजेड सोसत नव्हता. डॉक्टरांना त्याने झोप छान लागते म्हणून सांगितलं. तेव्हा टिलो शेजारीच उभा होता. काल मात्र हाइको केव्हाच सोडलेल्या जुन्या घराच्या कुलपात किल्ली फिरवत राहिला. आतल्या बाईने त्याला पाणी दिलं आणि त्याच्या बायकोला, अँट्येला, फोन केला. सकाळी अँट्ये म्हणाली, आज तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन.

म्हणून त्याने आता टिलोला सगळं सांगितलं. टिलोने हातमोजे चढवत ऐकून घेतलं. आजच्या शर्यतीवर ऑलिंपिकची निवड ठरणार होती आणि टिलोचं हे शेवटचं वर्ष होतं.

"खाली गेल्यावर बोलू," तो म्हणाला.

"मी ढकलून देईन. पण बसणार नाही."

"नको बसू. ब्रेक मागेच असतो, माझा काही हात पोचत नाही." टिलोने शांतपणे हेल्मेट घातलं.

हिरवा दिवा लागला. दोघं धावले. टिलो आत बसला. तो कधीच मागे बघत नसे, आताही त्याने बघितलं नाही. हाइकोच्या मुठी अजून दांड्यांवर होत्या. त्या सोडल्या असत्या तर तो वरच राहिला असता, आणि भाऊ एकटा खाली गेला असता.

त्याने उडी मारली.

आत काहीच दिसत नव्हतं. डोकं गुडघ्यांत, पुढे भावाची पाठ, आणि प्रत्येक वळणाला मान खाली दाबणारं वजन. एका वळणावर गाडी भिंतीला घासली, हेल्मेट गाडीच्या कडेला आपटलं. शेवटी ब्रेक ओढला गेला तो हातांच्या सवयीने.

पहिल्या फेरीत तेच सर्वांत पुढे होते. लोक ओरडत होते. टिलोने उतरून भावाला घट्ट मिठी मारली. मग त्याला वरचं बोलणं आठवलं असावं. आवाज खाली आणून तो म्हणाला, "हं, बोल. काय म्हणत होतास?"

हाइको त्याच्याकडे बघत राहिला. काहीतरी सांगायचं होतं, एवढं त्याला पक्कं माहीत होतं. कुणीतरी तसं बजावलंही होतं.

"आठवत नाही रे," तो म्हणाला.

टिलोचा चेहरा उतरला. दुसऱ्या फेरीसाठी गाड्या वर नेणारा ट्रक रिव्हर्समध्ये त्यांच्याकडे येत होता. टिलोने एकदा ट्रककडे पाहिलं, एकदा भावाकडे. मग वाकून गाडीची पुढची बाजू धरली.

"उचल," तो म्हणाला.

हाइकोने मागची बाजू उचलली.